म्हसोबाचा शेंदूर

१९५९ सालच्या आषाढात, ऐन भातलावणीत, मुळशीच्या म्हसोबापाशी बायांची रीघ लागली होती. "देवाच्या बांधावर लघवीला बसता," तिथं मुक्काम ठोकलेला एक महाराज डोळे गरगर फिरवत बजावायचा, "म्हनून त्याचा शेंदूर पोटात शिरतो आन् आग करतो. ह्यो अंगारा चाटा, शेंदूर भाईर पडंल." बाया चाटायच्या. तासा-दोन तासांत लघवी शेंदरी व्हायची, आग थांबायची आणि बाया त्याच्या पायांवर लोळण घ्यायच्या.

गोजराबाईच्या सुनेची, सगुणाची आगही अशीच थांबली होती. आठवडाभरात तिला थंडी वाजून ताप भरला, पाठीत कळा मारू लागल्या. गोजराबाई महाराजाकडे धावली.

"शेंदूर हाडाला लागलाय," तो जांभई देत म्हणाला. "दुप्पट चाटवा."

सून तापात बरळत होती आणि या मेल्याला जांभया सुचत होत्या. गोजराबाईनं अंगाऱ्याची पुडी कनवटीला लावली, सगुणाला बैलगाडीत घातलं आणि पौडचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी लघवी काचेच्या नळीत तापवली, थेंबभर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. "पू आहे. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढलेत. दिवसभर लघवी दाबून धरते का ही?"

"मग काय करंल? शेतात गडीमान्सं असत्यात. म्हनून पानीबी पीत न्हाई. आन् आता तर बांधाचं भ्या."

पुडीतली चिमूट बाईंनी पाण्यात टाकली. पाणी शेंदरी झालं. "राखेत आग शमवणाऱ्या गोळीची पूड दिसतेय. तिच्या रंगानं कुणाचीही लघवी अशीच होईल. आग कळत नाही, जंतू मात्र वाढत राहतात."

सुया आणि जंतू मारणाऱ्या सल्फाच्या गोळ्यांनी सगुणा वाचली. थोडक्यात वाचली.

ती उठून बसली त्याच दिवशी गोजराबाई म्हसोबापाशी गर्दीत घुसली. महाराजाला आसरा देणारे हैबतराव पाटील शेजारीच मिशीला पीळ देत बसले होते.

"पाटील, तुमाला लघवीला आग हुती?"

"न्हाई बा."

"मग चाटा अंगारा. देवाचाच हाय, भ्या कसलं?"

चारचौघांत नाही कसं म्हणणार? पाटलांनी चाटला. महाराजाला एकाएकी पुढच्या गावाची आठवण झाली. पण गोजराबाई त्याच्या गाठोड्यावर बसली ती हलली नाही. दोन तासांनी पाटील झुडपामागून परतले ते मान खाली घालून. धोतरावर शेंदरी डाग पडला होता.

"पाटलांच्या पोटात कंचा शेंदूर शिरला रं?" गोजराबाईनं गाठोडं उघडून आतली गोळ्यांची बाटली सगळ्यांना दाखवली. "बायांनो, हा गोळीचा रंग हाय. आग झाली तर दवाखान्यात जावा. पानी प्या, आन् लघवी लागली की हातातली रोपं टाकून उठा. आपन लाजंपायी बोलत न्हाई, म्हनून असल्यांचं फावतंय. माजी सून लाजंनं मरत हुती."

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, पाटलांच्याच खाचरात भात लावणाऱ्या बायांमधून चंद्राबाई उठली.

"कुटं चाललीस?" बांधावरून मुकादमानं दरडावलं.

"लघवीला," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, आणि तिच्यामागून आणखी दोघी उठल्या.