धबधब्यापाशी बोललेलं

चारुशीलाबाईंना म्हातारपणी एक सुख लाभलं होतं आणि ते लपवून ठेवायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता. नवरा त्यांच्याकडं बघायला लागला होता. तेही टक लावून. त्या भाजी निवडता निवडता गल्लीतली भांडणं सांगायला लागल्या, की गोपाळकृष्णपंत खुर्ची ओढून समोर येऊन बसायचे आणि बोलणं संपेपर्यंत नजर हलवायचे नाहीत. तुळजापुरात पुजारीपण करण्यात या माणसाचा जन्म गेलेला. यजमानांच्या नातवंडांची नावं पाठ, पण बायकोनं नवं लुगडं नेसलं तर दिवाळी उलटून गेल्यावर कळायचं. त्या माणसाचं आता हे असं. "जन्मभर भक्तांकडं बघितलं, आता माझी पाळी आलीय," असं त्या शेजारणींना सांगायच्या आणि सांगताना नव्या नवरीसारख्या लाजायच्या. शेजारणी हसायच्या, पण आतून जळायच्याही.

नवरात्राआधी देवी निद्रेला जाते. ते दिवस तुळजापूरकर गादी-पलंगावर झोपत नाहीत आणि पुजाऱ्यांनाही जरा उसंत मिळते. त्या उसंतीत लेक भैरवी धाराशिवहून गाडी घेऊन आली. सतरंजीवर पाठ चोळत बसण्यापेक्षा येडशीच्या जंगलात चला म्हणाली, औंदा पाऊस चांगला झालाय, धबधबा पडतोय. वाट फार अवघड नाही पण चढउतार आहे, तुम्हा दोघांना झेपेल का, असंही तिनं विचारलं. तिचं बोलणं संपायच्या आत पंत गाडीत जाऊन बसले होते.

रामलिंगाच्या देवळाजवळ गाडी लावली. माकडांपासून डबा सांभाळत तिघं जंगलात शिरली. वाट एका माणसापुरती. पंत पुढं, कारण पुढं चालायची त्यांची जन्माची सवय. मागं चारुशीलाबाई, शेवटी भैरवी. दोन्हीकडं साग पांढरा फुललेला, सीताफळांचे डोळे उघडायला लागलेले, ओल्या मुरुमावर ऊन सांडलेलं. आपल्या जिल्ह्यात, बसच्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर इतकं हिरवं असतं, हे चारुशीलाबाईंना साठी उलटल्यावर कळत होतं. पंत तर चारचार पावलांनी मागं वळून त्यांचं तोंड बघत होते. बाबांची मान अवघडेल, असं भैरवी आईच्या कानात म्हणाली, तेव्हा आई गालातल्या गालात हसली. एकदा अगदी जवळून मोर केकाटला. मायलेकी दचकल्या. पंत आपले चालतच होते.

पळसाचं एक जुनं झाड लागलं तिथं पंत थांबले. हात वर केला, डोळे मिटले आणि समाधानानं म्हणाले, "आला बघ आवाज. काय गोड पडतंय पाणी."

चारुशीलाबाईंनी कान दिला. पानांची सळसळ होती. कुठंतरी शेळीची घंटा वाजत होती. पाण्याचा मात्र मागमूस नव्हता. अजून अर्धी वाट राहिलीय, असं म्हणायला भैरवीनं तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं मागं हात करून तिला गप्प केलं. मग नवऱ्याच्या पाठीकडं बघत त्या म्हणाल्या, "व्हय, आला की."

पंत वळले आणि विचारते झाले, "तुला आला का नाही आवाज?"

चारुशीलाबाईंनी मान हलवून हो म्हटलं. आत्ताच दिलेलं उत्तर यांना ऐकूच आलं नव्हतं. एकेक गोष्ट आपोआप जुळत गेली. मोबाईल आला की पंत तो दुसऱ्याच्या हातात देतात, म्हणे किरणं बाधतात. टीव्हीचा आवाज बंद करून खालच्या ओळी वाचतात, म्हणे डोकं उठतं. आणि बोलताना समोर येऊन बसतात. म्हणजे ते बघणं आपल्यासाठी नव्हतंच. हा माणूस नुसते ओठ वाचत होता, आणि आपण खुळ्यासारखं गल्लीभर मिरवत होतो. त्यांना लाज वाटली, राग आला, रडूही आलं. पुढच्या वाटेवर पंत वळले, की त्या मुद्दाम खाली पायांकडं बघायच्या. पंत मग आणखीच वळायला लागले.

आणि शेवटच्या वळणावर धबधबा दिसला. काळ्या कातळावरून पाणी नुसतं उधळत होतं. तुषार थेट तोंडावर येत होते, पायाखालचा खडक थरथरत होता. मनात एवढं काहूर असूनही चारुशीलाबाईंनी आपसूक हात जोडले, असं देखणं ते पाणी होतं. आवाज तर असा, की भैरवी हातभर अंतरावरून ओरडली तरी कळेना. शेवटी खुणा करून ती फोटो काढायला पुढं गेली.

दोघं एका दगडावर बसली. चारुशीलाबाई पुटपुटल्या, स्वतःलाही ऐकू येऊ नये इतक्या हळू, "तुम्हाला ऐकू येत नाही. म्हणून बघता माझ्याकडं."

पंत त्यांच्या कानाशी वाकले. "नाही येत," म्हणाले. "दोन नवरात्रं झाली."

पुजारी बहिरा झाला म्हटल्यावर यजमान त्याच्यापाशी आपलं दुःख सांगतील का, या धास्तीनं ते गप्प राहिले होते. चारुशीलाबाईंनी तोंड फिरवलं नाही. मग बाकीच्यांचं कसं कळतं, असं त्यांनी विचारलं.

"कुठं कळतं? मान डोलवून भागवतो," पंत म्हणाले. "तुझं तेवढं सगळं कळतं. तुझंच तोंड शिकलो बघ मी. बाकी काही चुकलं तरी चालंल म्हटलं."

ज्या माणसाला कधी लुगडं दिसलं नाही, तो सत्तरीत बायकोचा चेहरा शिकायला बसला आणि त्यात पास झाला. चारुशीलाबाईंना त्याचं इतकं कौतुक वाटलं, की धबधब्याकडं बघायचं राहून गेलं. दसरा झाला की कानाचं मशीन घ्यायचं, असं त्यांनी बजावलं. पंतांनी हो म्हटलं. फक्त मशीन आलं म्हणून पाठ फिरवून बोलू नको, एवढं सांगितलं.

परतीला पुढं चारुशीलाबाई होत्या. दर वळणावर थांबून त्या मागं वळायच्या आणि दगड निसरडाय, फांदी खाली आलीय, असलं काहीबाही सांगायच्या. पळसापाशी त्या जरा जास्तच वेळ थांबल्या.

"इथं कुणालाच पाणी ऐकू येत नाही, अहो."

पंत ओशाळून हसले. "मग हो कशाला म्हणालीस?"

"मान हलवायच्या आधी तोंडानंही म्हणाले होते, ते तरी तुम्ही कुठं बघितलंत?" चारुशीलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी चेहरा उन्हाकडं केला, म्हणजे पंतांना नीट दिसावा.