देव्हाऱ्यातला धोटा

मित्रांनो, मी एक जुना धोटा आहे. अंग लाकडाचे, दोन्ही टोके पोलादाची. परळच्या गिरणीत मी कापडात आडवा धागा भरत असे. पण माझी खरी ऐट वेगळीच आहे. राजांचे गुप्त खलितेसुद्धा वाटेत पकडले जात; माझे निरोप साहेबाच्या नाकासमोरून गेले, तरी त्याला पत्ता लागला नाही!

गिरणीत मागाला साचा म्हणत. साच्यांच्या खडखडाटात बोलणे ऐकू येईना, म्हणून माझे मालक धोंडू आणि शेजारच्या साच्यावरचे गंगाधर यांनी खुणा ठरवल्या. मला उभे धरले, की साहेब आला. कपाळाला लावले, की ‘जाऊन येतो, माझा साचा सांभाळ.’ मग गंगाधर आपला धोटा छातीला लावत. म्हणजे, ‘जा, मी आहे.’

गिरणी बंद पडली आणि भोईवाड्याच्या खोलीत मी फळीवर धूळ खात पडलो. यंदा झटका येऊन धोंडूंची वाचा गेली, उजवा हातही लुळा पडला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले, पण धोंडू घराबाहेर पाऊल टाकेनात. डाव्या हाताने मला कपाळाला लावायचे आणि मुलाकडे, वैभवकडे, बघत राहायचे.

“बाबा धोट्याच्या पाया पडतायत,” सून सुचित्रा म्हणाली.

झाले! हळदकुंकू लावून मला देव्हाऱ्यात बसवले. धोंडूंनी रागाने ताट भिरकावले. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता, आणि एवढा निरुपयोगीही मी कधी झालो नव्हतो. मला रडू आले.

संध्याकाळी गंगाधर भेटायला आले. धोंडूंनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवताच गंगाधरांनी मला काढून त्यांच्या हाती दिले. धोंडूंनी मला कपाळाला लावले, वैभवकडे पाहिले आणि मग मान पत्नीकडे, कमलताईंकडे, वळवली.

“पाया खंयचो पडता!” गंगाधर ओरडले. “वैभव, तो सांगता, मी जावन येतंय, माझो साचो सांभाळ. साचो म्हणजे तुझी आवस रे!”

वैभवने आईकडे पाहिले. “काका, उत्तर कसं द्यायचं?”

गंगाधरांनी दाखवले. वैभवने मला छातीशी घट्ट धरले. तेव्हा कुठे धोंडूंनी चपलेसाठी पाय पुढे केला.

मित्रांनो, तुमच्या घरातलेही कुणी म्हातारे माणूस काही खुणावत असेल. लगेच हळदकुंकू आणू नका. जवळ बसा, त्याचा जुना सोबती शोधा, विचारा.

ऑपरेशन होऊन धोंडू घरी आले, तेव्हा त्यांनी आधी हात पुढे केला आणि वैभवने मला परत दिले. आता मी त्यांच्या उशाशी असतो. कमलताई मात्र अजून फुरंगटून विचारतात, “मी काय साचो आसंय?”

धोंडू मला छातीला लावतात.