चार टाचण्या

आईच्या शिवणकामाच्या दुकानातली बरीच गिऱ्हाइकं लेकीच्या जिभेने तोडली होती. आई त्यावर कधी ओरडली नाही. लेकीचा पारा चढला, की ती चार टाचण्या पुढे करायची. "आधी या ओठांत धर, मग बोल." आणि रोज शटर उघडताना म्हणायची, "देवा, माझ्या लेकीची जीभ सांभाळ."

"देवाला दुसरी कामं नाहीत का गं?" लेक फणकारायची.

आई जाऊन दोन महिने झाले होते. आज दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एक काकू कोट घेऊन परत आल्या. "बाही बघ कशी बसवलीस! आईच्या हाताची सर नाही हो तुला."

लेकीने चार टाचण्या ओठांत धरल्या आणि बाही नीट पाहिली. ती खरंच वाकडी होती. टाचण्या काढून ती म्हणाली, "खरंय काकू. द्या, उसवून पुन्हा लावते."

"अगंबाई! हे तुझ्या आईने ऐकायला हवं होतं."

लेक सवयीने खिडकीकडे वळली. तिथलं आईचं स्टूल रिकामं होतं.

दुसऱ्या सकाळी शटर उघडताना ती पुटपुटली, "देवा, माझ्या लेकीची जीभ सांभाळ." तिला लेक नव्हती. पण आईचे शब्द बदलायला तिचं मन होईना.