घेणाऱ्याचा अंगठा

पूर ओसरला होता, पण गोदामात अजून सगळं पाण्याखालीच असल्यासारखं वाटत होतं. झरोक्यातून हिरवट उजेड यायचा, चादरींच्या थप्प्यांवर हलत राहायचा, आणि त्यातून गोदामवाली ताई तरंगल्यासारखी चालायची. धड झोप नाही, धड जागही नाही. तिचा दादा चादरींचा ट्रक घेऊन नदीपलीकडे गेला, मागोमाग पूल वाहून गेला, आणि तेव्हापासून त्याचा फोन मुका. दादा आहे ना, एवढंच तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

टेबलापाशी साखळीवाला बसलेला. होता संगणकाचा इंजिनिअर, पण तोंडी सदान्‌कदा साखळी, म्हणून हे नाव. चादर ज्याच्या हातात जाईल त्याने यंत्रावर अंगठा टेकवायचा. ती नोंद सगळ्या गोदामांच्या, छावण्यांच्या संगणकांवर जाऊन बसायची. मग कुणी कितीही मोठा साहेब असो, त्याला ती खोडता यायची नाही. ब्लॉकचेन म्हणतात त्याला, हीच त्याची साखळी. दादाचा अंगठा ताईनेच नोंदवला होता, क्रमांक एकवीस. तेव्हा तो म्हणाला होता, "घ्या! एवढं शिकलो, आणि शेवटी अंगठेबहाद्दरच!"

आठवून तिला हसू आलं आणि लगेच रागही आला. मेल्याने जाताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. लहानपणी दोघं एकाच चादरीत झोपायची, आणि सकाळी बघावं तर अख्खी चादर दादाच्या अंगावर. ताई थप्पीला टेकली. डोळे मिटताच तीच चादर पाण्यावर लांबच लांब पसरलेली दिसली. एक टोक तिच्या मुठीत होतं, आणि दुसरं कुणीतरी हळूहळू ओढत होतं.

"ताई, जरा इकडे या," साखळीवाल्याने हाक मारली. "पलीकडच्या शाळेतली छावणी आत्ता नेटला जोडली गेली. सकाळपासूनच्या नोंदी येतायत. एक घोळ आहे बघा. चादर घेणाऱ्याच्या जागी आपल्याच एका चालकाचा अंगठा लागलाय. यंत्र अडून बसलंय."

"कितवा क्रमांक?"

"एकवीस. चुकून लागला असणार. चालक चादर पोचवतो, तो स्वतः कशाला घेईल? नामंजूर करतो."

"खबरदार!" ताई अशी ओरडली की दारातले हमाल थबकले. "अहो शहाणे, भिजला असेल तर घेईल ना! माझा दादा आहे तो!"

साखळीवाल्याने हात पटकन मागे घेतला. तो पडद्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. "म्हणजे सकाळी ते तिथे... अहो ताई, बसा, बसा आधी."

ती बसली नाही. अडलेली नोंद सोडवायला गोदामाचा, म्हणजे ताईचाच अंगठा लागायचा. तिने तो टेकवला, पण घाईत इतका तिरका पडला की यंत्राला दोनदा ओळखताच आला नाही. तिसऱ्यांदा पडद्यावर हिरवा ठिपका उमटला आणि ताईला रडू फुटलं.

"नोंद पक्की झाली," साखळीवाला हळूच म्हणाला. "आता ती चादर त्यांचीच. कुणालाही परत घेता येणार नाही."

"ती कधी परत मिळालीय मला?" पदराने डोळे पुसत ताई म्हणाली.