सातव्या उतारावरची घंटा

धुके दरीतून चढत सातव्या उताराच्या माथ्याशी आले, तेव्हा किनुएने टोपीची नाडी हनुवटीखाली घट्ट केली आणि डावा कान उताराकडे वळवला. उजव्या कानाने दोन वर्षांपूर्वीच तिची साथ सोडली होती. हे तिने सुनेलाही कळू दिले नव्हते. गोल्फचा हा क्लब सभासदच चालवीत, ठरावही तेच करीत; त्यांना सुगावा लागता तर एकोणचाळीस वर्षे कॅडीचे, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहून त्यांना वाट दाखवण्याचे, काम केलेल्या किनुएला त्यांनी पुढच्याच सभेत पुष्पगुच्छ देऊन निरोप दिला असता.

या माथ्यावरून खालचे मैदान दिसत नाही. म्हणून खाली देवदाराच्या झाडाला पितळी घंटा टांगलेली आहे. पुढची मंडळी वाटेतून दूर झाली की त्यांच्या कॅडीने दोन टोले द्यायचे. हरवलेला चेंडू शोधणे चालू असेल, तर एकच. दोन टोले ऐकल्यावाचून वरच्या कॅडीने "मारा" म्हणायचे नाही. आज खालच्या मंडळींबरोबर किनुएची सून शिनो होती.

टण्.

मागे तिघे सभासद गप्पा मारत होते. किनुएने श्वास रोखला. दुसरा टोला आला नाही.

"झाले की दोन!" क्लबचे अध्यक्ष कुराहाशी काठी सरसावून म्हणाले.

"मला एकच ऐकू आला, अध्यक्षसाहेब."

"किनुएबाई, कानात बांबूचे कोंब फुटले की काय? कॅडींच्या वयाचा विषय सभेत एकदा काढायलाच हवा!"

सोबतचे दोघे सभासद हसले. दुसरा टोला खरोखरच झाला असेल आणि बहिऱ्या कानाने तो गिळला असेल तर? एकोणचाळीस वर्षांत दोन टोल्यांची खात्री झाल्याशिवाय जो शब्द तिने कधी उच्चारला नव्हता, तो तिच्या तोंडून निसटला.

"मारा."

चेंडू धुक्यात शिरला. आणि लगेच खालून पुन्हा आवाज आला.

टण्.

एकच. या खेपेस कोणी बोलत नव्हते. तो एकटा टोला चौघांनीही ऐकला.

"फाऽऽर!" चेंडू येत असल्याचा इशारा किनुए जिवाच्या आकांताने ओरडली. उत्तरादाखल बाईची किंकाळी आली, आणि मग काहीच आले नाही.

ती धावली. ओल्या पानांवरून पाय घसरत होते, सदुसष्ट वर्षांचे गुडघे कुरकुरत होते; डोळ्यांपुढे मात्र सुनेने सकाळी बांधून दिलेला भाताचा डबा येत होता. "शिनो! अगं, बोल काहीतरी! ओ दे!"

शिनो गवतात बसली होती. टोपी एकीकडे, हातमोजा दुसरीकडे. गवतातले खड्डे बुजवायला कमरेला बांधलेली वाळूची पिशवी फाटली होती, आणि सांडलेल्या वाळूत पांढरा चेंडू रुतला होता.

"आई," ती म्हणाली, "मी एकच टोला दिला होता हो. दोनदा, पण एकेकच."

"ठाऊक आहे मला." किनुएने तिची बरगडी, पोट, मांडी चाचपून पाहिली. रक्त नव्हते.

कुराहाशी धापा टाकत पोहोचले. चेंडू पाहून त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "मला तर... खरे सांगायचे तर चेंडू मारण्यापूर्वी एकही टोला नीट ऐकू आला नव्हता. वाटले, झालेच असतील दोन."

किनुएने टोपी काढून त्यांच्यापुढे कमरेतून वाकून नमस्कार केला. "माझा उजवा कान दोन वर्षे बंद आहे, साहेब. ऐकले होते मी बरोबर. पण माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही. हे सभेत मीच सांगेन. तुमच्या कानाचे तुम्ही सांगा."

अध्यक्षांनी वाकून वाळूतला चेंडू उचलला.

वर माथ्यावर मागून येणारी खेळाडूंची चौकडी येऊन ठेपली होती. त्यांचे अस्पष्ट बोलणे धुक्यातून झिरपत होते. किनुएने प्रत्येकाला हाताने दाखवून देवदारापलीकडे घालवले, स्वतःच्या डोळ्यांनी मोजले, पुन्हा मोजले. घंटेची दोरी हाती घेतली, पण हात वर जाईना. तिने ती सुनेला दिली.

"दोन टोले दे गं. आणि सावकाश दे, मध्ये श्वास घेऊन. वर कान कुणाचे कसे असतील, सांगता येत नाही."

शिनोने दोरी ओढली. किनुए डावा कान घंटेकडे वळवून दुसऱ्या टोल्याची वाट पाहत राहिली.