अडलेल्या चेनचा डावा बूट

मी एक जुना बूट आहे, आणि त्यातही डावा. मित्रांनो, हसू नका. पॉलिश खाऊन चमकणाऱ्या, रस्त्यावर ऐटीत टकटक करणाऱ्या बुटांशी माझे नाते फार लांबचे. मी समुद्रात बुडी मारणाऱ्यांचा बूट. स्कूबा डायव्हिंग करणारी माणसे पाठीवर हवेची टाकी बांधतात, डोळ्यांवर मोठा चष्मा चढवतात, आणि पायांत माशाच्या परांसारख्या पसरट फिन्स घालण्याआधी आम्हाला घालतात. टाकीचे फोटो निघतात, चष्म्याचेही निघतात. बुटाचा फोटो कुणी काढत नाही. असो. लोक माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात, मी टाचेवरून ओळखतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. काळ्या, मऊ, रबरासारख्या कापडातून एका बाईने मला कापले. दुसरीने माझ्या दोन बाजू चिकटवून शिवल्या. पुढच्या टेबलावर तळाला जाड सोल बसला, आणि सगळ्यात शेवटी घोट्याशी चेन लागली. माझ्या जोडीदाराला, म्हणजे उजव्याला, माझ्याआधी चेन मिळाली. तेव्हापासून तो स्वतःला थोरला समजतो. मी मनावर घेत नाही.

तिथून आम्ही किनाऱ्यावरच्या एका डायव्हिंगच्या दुकानात आलो. तिथे शिकवणाऱ्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. आवाज मोठा आणि मन मऊ. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला ते एका दमात विचारत, "सर्दी? कानदुखी? कुठे जखम, ओरखडा?" उत्तर मिळाल्याशिवाय कुणाला बूट मिळत नसे.

ते दिवस मजेत गेले. सुट्टीवर आलेले किती पाय मी पाहिले! नव्या नवऱ्यांचे घाबरट पाय, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे गुलाबी पाय, गुदगुल्या होऊन उड्या मारणारे पाय. एकदा एका पाहुण्याने नको तिथे पाय टेकवला. खाली एक काटेरी समुद्री प्राणी बसला होता. त्याचा काटा माझ्या सोलमध्ये घुसला आणि तिथेच अडकला, पायाला खरचटलेसुद्धा नाही. मास्तरांनी मला चारचौघांत उंच धरून शाबासकी दिली. उजवा त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसला.

पण गर्दीच्या हंगामात आमची गोड्या पाण्याची अंघोळ चुकायला लागली. खारे पाणी चेनमध्ये तसेच वाळले, मीठ दातांत बसले, आणि एक दिवस माझी चेन अर्ध्यावर अडली ती अडलीच. मग जो येई तो म्हणे, "हा नको, दुसरा द्या." माझ्यापायी उजवाही बसून राहिला आणि मला ऐकवत राहिला. आम्ही पेटीच्या तळाशी गेलो. "हंगाम संपला की याला निरोप," असे मास्तर म्हणालेले मी या कानांनी ऐकले. बुटाला कान कुठून आले ते विचारू नका. वाईट फार वाटले.

अशात एका सकाळी दोन बहिणी दुकानात आल्या. थोरल्या ताईचे बॅगा दुरुस्त करायचे दुकान होते. दप्तरे, जॅकेटे, प्रवासी बॅगा यांना नवी चेन बसवण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. आई गेल्यावर धाकटीला तिनेच लहानाचे मोठे केले होते. धाकटी कमावती झाली, समुद्रात बुडी मारायला शिकली, आणि "ताई, एकदा तुला खालचे मासे दाखवणारच," म्हणून तिच्या मागे लागली. ताईला साखरेचा आजार होता. तो तिने मास्तरांना आधीच सांगितला होता, डॉक्टरांची परवानगीही आणली होती. पण सुट्टीभर समुद्र खवळलेला राहिला. आज पाणी शांत होते, आणि सुट्टीचा हा शेवटचा दिवस होता.

आदल्या संध्याकाळी खडकांवरून चालताना ताईच्या डाव्या टाचेत शिंपला घुसला होता. तिने गुपचूप चिकटपट्टी लावली आणि धाकटीला कळूही दिले नाही. पोरीचा हिरमोड कशाला करायचा, एवढाच तिचा विचार. हे मला पुढे तिच्याच तोंडून कळले.

मास्तरांनी नेहमीचे विचारले. जखमेचे नाव निघताच ताई म्हणाली, "छे हो, काही नाही." आणि उजवा पाय हळूच डाव्या टाचेवर आणला.

त्या दिवशी गर्दी इतकी, की तिच्या मापाचे बाहेरचे सगळे जोड गेलेले. आम्हाला तळातून वर काढले. उजवा झटकन चढला. माझी चेन अर्थातच अडली.

"राहू द्या ताई, आतून दुसरा जोड बघतो," मास्तर म्हणाले.

तिने गप्प राहून दुसरा जोड घेतला असता, तर तिचे गुपित पाण्यापर्यंत सहज पोचले असते. पण चेन अडलेली बघून ही बाई गप्प बसते होय!

"चेन अडली म्हणून बूट बदलायचा? मास्तर, जन्म गेला माझा यात. दुकानात कळलं तर गिऱ्हाईक हसेल मला."

ती बाकावर बसली, पर्समधून साबणाचा तुकडा काढला, आणि माझ्या दातांना घासू लागली. चेन वर, चेन खाली. तिची टाच माझ्यात पुढेमागे होऊ लागली. चिकटपट्टी गुंडाळत सुटली, आणि माझी कडक शिवण थेट उघड्या जखमेवर घासली. मला ओल लागली. आता पाय दचकेल म्हणून मी वाट पाहिली, कारण कुठलाही पाय दचकला असता. हा पाय हललाच नाही. मित्रांनो, इतक्या पायांत राहिलो, पण मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

शेवटी तिने मला काढून मांडीवर घेतले, खालून एक हिसका दिला, आणि चेन सर्रकन सुटली.

"झाली! बघा, सुटली की नाही?" तिने मला विजयाने उंच धरले.

माझ्यातून रक्ताळलेली पट्टी मास्तरांच्या पायाशी पडली. सगळे तिच्या टाचेकडे पाहत होते. ती एकटी चेनकडे पाहत होती.

"ताई! हे कधी झालं?" धाकटी ओरडली.

"अगं, काल. शिंपला लागला. एवढंसं तर आहे. दुखत पण नाही."

"तुला साखर आहे, आणि दुखत नाही म्हणतेस?" धाकटीचा आवाज रडवेला झाला. "शिवण घासली तरी कळलं नाही तुला?"

मास्तर खाली बसले. स्वच्छ पाण्याने टाच धुऊन त्यांनी वर कोरी पट्टी बांधली. "ताई, समुद्राचं पाणी दिसायला छान. पण त्यात जंतू असतात, आणि उघडी जखम म्हणजे त्यांना उघडं दार. त्यात तुम्हाला साखर. आज पाण्यात नाही."

"मास्तर, उद्या आम्ही परत चाललो. ही पोरगी वर्षभर याच दिवसाची वाट बघत होती हो."

"समुद्र पुढच्या वर्षीही इथेच असेल. बरा झालेला पाय घेऊन या."

ताईचे डोळे भरले. ती धाकटीला म्हणाली, "तू तरी जा."

"मी कशाला जाऊ? मासे माझ्या ओळखीचेच आहेत. चल आधी डॉक्टरकडे."

संध्याकाळी दोघी परत आल्या. जखमेत शिंपल्याची कपची राहिली होती, आणि ताईला तिचा पत्ताही नव्हता. डॉक्टरांनी ती काढली. साखरेमुळे पायांची जाणीव कमी झाली आहे, वेळेवर आलात, असे ते म्हणाले. सांगताना धाकटीने ताईचा हात सोडला नाही. आणि ताई? ती पेटीत मला शोधत होती.

"मास्तर, हा जोड नेऊ का? चेन नुसती सोडवलीय, बदलायला हवी. अर्धं काम टाकून मला चैन पडत नाही."

"न्या की. टाकणारच होतो," मास्तर म्हणाले. माझी कुणाला तरी गरज होती, याचा आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही.

तिच्या दुकानात शिलाई मशीनच्या वर, एका खिळ्याला आम्ही लटकलो. तिने माझी जुनी चेन उसवली आणि जाड दातांची नवी बसवली. उजवा बरा होता, तरी त्यालाही नवी दिली, नाहीतर त्याने मला जगू दिले नसते. अस्तर धुतले, पण टाचेशी एक फिकट डाग राहिला. रोज दुकान बंद करताना ताई स्टुलावर बसे, जमिनीवर आरसा ठेवून दोन्ही तळवे बघे, आणि मगच चपला घाली. गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगे, "या बुटाचे माझ्यावर उपकार आहेत." ज्या अडलेल्या चेनची मला इतकी लाज वाटे, तिच्यावरच कुणी उपकाराचा शिक्का मारावा! मी उपकार काय करणार? मी फक्त अडलो होतो. ताई मला दुरुस्त करायला बसली, हेच आम्हा दोघांच्या कामी आले.

मित्रांनो, सुट्टीच्या आनंदात छोटी जखम लपवू नका. विचारणाऱ्याला खरे सांगा. जखम भरेपर्यंत समुद्राला थांबू द्या, त्याला घाई नसते. आणि वस्तू अडली, तर फेकण्याआधी ती का अडली ते एकदा बघा.

पुढच्या सुट्टीत आम्ही सगळे पुन्हा त्याच किनाऱ्यावर गेलो. टाच भरली होती, डॉक्टरांनी पुन्हा तपासून परवानगी दिली होती. मास्तरांनी तोंड उघडण्याआधीच ताईने बाकावर बसून दोन्ही तळवे वर केले.

"बघा मास्तर. सकाळी आरशात बघून आलेय."

माझी चेन एका ओढीत वर गेली. पाण्याखाली धाकटीने तिचा हात धरला, आणि पिवळ्या माशांचा थवा आमच्या बाजूने गेला. माझ्या आत ताईची बोटे लहान मुलीसारखी नाचत होती.

वर आल्यावर धाकटी टॉवेल घेऊन धावली. ताई म्हणाली, "थांब गं." केसांतून पाणी निथळत असतानाच तिने मला गोड्या पाण्यात बुडवले, माझी चेन वरखाली केली आणि मला उन्हाआड टांगले. मग पर्समधून आरसा काढला आणि स्वतःच्या टाचा पाहायला बसली.