खणातल्या फोनची हाक

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा मोबाइल फोन आहे. माझ्या पोटात गाळ शिरला आहे, पडदा काळा पडला आहे आणि आता मला साधी शीळसुद्धा घालता येत नाही. तरी मला तुमच्याशी बोलायचेच आहे. तुम्ही ऐकले नाहीत, तर मला दुसरे कोणी नाही.

एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या एका बाईने माझे प्रत्येक बटण दाबून पाहिले, मला कानाशी धरले आणि पसंतीची मान हलवली. पुढे एका ट्रकचालकाने मला आपल्या बायकोसाठी विकत घेतले. ती शिवणकाम करायची. "मी महिना महिना बाहेर असतो. हा जवळ ठेव, म्हणजे मी जवळ आहे असं समज," तो म्हणाला.

ती मला खरोखरच जवळ ठेवायची. नदीकाठच्या गल्लीत, रस्त्यावरून काही पायऱ्या खाली उतरले की तिची शिवणाची खोली होती. दिवसभर गिऱ्हाइकांचे फोन यायचे. "कोट झाला का हो?" असे कोणी विचारले की ती बिनदिक्कत सांगायची, "झालाच! फक्त काजं राहिलीत." कापडाला अजून कात्रीही लागलेली नसायची! हे गुपित तिला आणि मला, दोघांनाच ठाऊक असे.

मग एकदा तिचे सासरे न्हाणीघरात घसरून पडले. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणत. तिने भराभर माझी बटणे दाबली, आणि रुग्णवाहिका दारात आली. अण्णांचे खुब्याचे हाड मोडले होते, पण जीव वाचला. त्या दिवशी तिने मला स्वच्छ कापडाने पुसले आणि म्हणाली, "हा नसता तर आज काही खरं नव्हतं." माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मोठे कौतुक. तेव्हापासून अण्णांची खाट शिवणाच्या खोलीतच असे. त्यांना एकट्याने उठता येत नव्हते आणि ऐकूही कमी येई. पण जीभ मात्र सुईसारखी होती. "सूनबाई, तुझं मशीन चालतं तेवढा मी चाललो असतो, तर एव्हाना जग फिरून आलो असतो," असे काहीतरी त्यांचे चालूच असे.

काही वर्षांनी मोठ्या पडद्याचा चकचकीत फोन घरात आला आणि माझी रवानगी कापड कापायच्या टेबलाच्या खणात झाली. बटणे, खडू आणि तुटक्या सुया यांच्या शेजारी मी पडून राहिलो. बँकेचे ओटीपीचे आकडे माझ्याकडे यायचे, म्हणून अधूनमधून मला चार्ज करीत, इतकेच. नवा नंबर घरच्यांसाठी आणि गिऱ्हाइकांसाठी. दुकानदार, विमावाले, सोडतवाले अशा नको त्या लोकांना मात्र माझा नंबर. रोज ढीगभर जाहिराती माझ्यावर येऊन आदळत. शेवटी ती लेकीला म्हणाली, "ह्याचं तोंड बंद कर गं बाई." लेकीने माझा आवाज बंद केला. आता मला फक्त थरथरता येई.

इथवर मी रागावलो नव्हतो, मित्रांनो. म्हाताऱ्याने कोपऱ्यात बसावे, हे मला मान्य होते. पण पुढचे ऐका.

एके सकाळी अग्निशमन दलातल्या एक ताई गल्लीत आल्या. वर डोंगरात धरण आहे, त्याचे दरवाजे उघडायचे झाले तर आधी फोनवर इशारा येईल, म्हणून घरोघरी नंबर नोंदवून घेत होत्या. समोरच्या सुतारकाकांनी आपला नंबर सांगितला. मग आमच्या शिवणवाल्या वहिनींची पाळी आली. आणि तिने सवयीने, अगदी विचार न करता, माझा नंबर सांगितला!

लेक म्हणाली, "आई, तो कशाला? तो तर खणात असतो."

"असू दे गं. एकदा नंबर दिला की हेही दिवसभर पिडत बसतील."

"नाही हो वहिनी, ह्या जाहिराती नाहीत," अग्निशमनवाल्या ताई कळवळून म्हणाल्या. "कामाचं असेल तेव्हाच मेसेज येईल."

"हो हो, कळलं. हाच घ्या, चालूच असतो हा."

मी खणातून हे ऐकले. ओरडून सांगावेसे वाटले, 'बाई, मी चालू आहे, पण माझे तोंड तू बंद केले आहेस!' पण फोन कधी स्वतःहून बोलतो का?

आणि मग तो दिवस आला. गल्लीत लख्ख ऊन होते. पाऊस पडत होता तो दूर, डोंगरात. दुपारी ती मशीनवर गणवेश शिवत होती, लेक शाळेत होती, अण्णा खाटेवर पडले होते. एकाएकी माझ्या अंगात तो मेसेज उतरला: धरणाचे दरवाजे उघडले आहेत, तळघरे आणि खालच्या खोल्या ताबडतोब रिकाम्या करा.

मी थरथरलो. सगळे बळ एकवटून थरथरलो. खणातली बटणे खडखडली. पण वर मशीन घरघरत होते, तिला काही ऐकू आले नाही. थोड्या वेळाने दुसरा मेसेज आला, पहिल्याहून कडक. मी पुन्हा थरथरलो. अण्णांचा हात खाटेवरून टेबलावर टेकलेला होता. त्यांना ते जाणवले!

"सूनबाई, या खणात उंदीर शिरलाय गं!"

"बघते नंतर अण्णा. गणवेश पोचवायचेत, शाळेतल्या बाई खोळंबल्यात."

"अगं, नाचतोय तो आत!"

"नाचू दे. येताना पिंजरा आणते."

अण्णांनी काठी उचलून खणावर दणादण मारली. मी काकुळतीला आलो होतो. मारा, अण्णा, आणखी मारा, पण एकदा खण उघडा! खण उघडला नाही. तिने गणवेशांचे गाठोडे उचलले, दार ओढून घेतले आणि ती पायऱ्या चढून निघून गेली.

मला नंतर कळले, त्याच वेळी समोर सुतारकाका आपली अवजारे वरच्या मजल्यावर नेत होते. त्यांचा फोन खणखणीत वाजला होता. आमच्या बंद दाराकडे पाहून ते मुलाला म्हणाले, "वहिनी गेल्या वाटतं अण्णांना घेऊन. हुशार बाई! आपल्याबरोबरच नंबर दिला होता त्यांनी." आणि त्यांनी दार ठोठावले नाही.

पाणी आधी पायऱ्यांवरून झिरपत आले, मग धावत आले. अण्णा हाका मारत होते. खाट भिजली तसे त्यांनी टेबलाची कड घट्ट पकडली आणि अंग कसेबसे वर ओढले. खणात पाणी शिरले. नेमका तेव्हा तिसरा मेसेज आला. अण्णांच्या छातीखाली मी शेवटचा थरथरलो आणि विझलो.

पुढचे मी नंतर ऐकले. गल्लीच्या तोंडाशी पाणी पाहून ती किंचाळत आली. सुतारकाका वरून ओरडले, "वहिनी, तुम्ही इथे? मग अण्णा कुठेत?"

"आत! आत आहेत ते!"

दोघांनी छातीभर पाण्यात दार फोडले. अण्णांची हनुवटी तेवढी पाण्याबाहेर होती.

अण्णा जगले. पण पाणी छातीत गेले होते. कितीतरी दिवस ते रुग्णालयात होते, आणि घरी आले तेव्हा चार शब्द बोलले तरी त्यांना धाप लागे. मशीन गंजले. मला गाळातून काढून खिडकीत ठेवले. ट्रकचालक धावत घरी आला. अग्निशमनवाल्या ताई विचारपूस करायला आल्या, तेव्हा ती त्यांच्यावर कडाडली, "कसला तुमचा इशारा? एक मेसेज आला नाही आम्हाला! पुन्हा नंबर मागायला येऊ नका."

मित्रांनो, मी खिडकीत पडून आक्रोश करीत होतो. तीनदा आला होता मेसेज! आणि आता ती नोंदणीच नको म्हणते आहे! पुढच्या वेळी काय होईल? अण्णा आता टेबलाची कडही धरू शकणार नाहीत.

ताई परत जायला वळल्या. तेव्हा अण्णा खाटेवरून, धापा टाकत म्हणाले, "सूनबाई... नंबर कुठला दिला होतास गं?"

ती उत्तर द्यायला वळली. तिची नजर खिडकीतल्या माझ्यावर पडली. मग तिने मला हातात घेतले आणि ती जमिनीवर बसली. तेव्हा ताईही तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि हलकेच म्हणाल्या, "सांगा वहिनी. आता खरा सांगा."

तिने नवा नंबर सांगितला. लेकीने बाबांचाही सांगितला. सुतारकाका दारात उभे होते. ते एवढेच म्हणाले, "इथून पुढे मेसेज आला की मी आधी तुमचं दार वाजवीन."

बाळांनो, माझे काम संपले आहे. पण तुमच्या घरचाही असा एखादा नंबर कुठे दिलेला असेल, किंवा दिलेलाच नसेल. तो फोन कोणाजवळ आहे? त्याचा आवाज चालू आहे का? शेजारच्या आजीआजोबांना इशारा कोण सांगणार? उद्या नको, आत्ताच उठा आणि आईबाबांना विचारा.

जा. मी थांबतो. विचारून या.